मागच्या दिव्यांना काळा हात

अमरावतीत मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, ते सर कुठेही निघाले आणि कोणी "कुठं?" म्हणून विचारलं, की "चिखलदऱ्याले, हवा खायाले" असं सांगायचे. भाजी आणायला निघाले तरी चिखलदरा, दाढी करायला निघाले तरी चिखलदरा. पहिला महिनाभर मला वाटलं, म्हातारा गमत्या आहे. मग लक्षात आलं की यात गंमत काही नव्हती. आपण कुठे जातो ते दुसऱ्याला कळू नये, एवढाच सरळ हेतू होता.

ते एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलता मुलगा गावातच दुसऱ्या भागात संसार थाटून होता, त्याचं टाइल्सचं दुकान होतं. खाली सर एकटे, वर मी एकटा. मी मूळचा साताऱ्याकडचा. एका विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या पाहायच्या आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. या कामात समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच सुरुवात करावी लागते. सरांना ते आवडलं असावं. घर दाखवताना त्यांनी माझ्या नोकरीविषयी बारीक चौकशी केली आणि म्हणाले, "म्हंजे तुमीबी कोणावर इश्वास ठेवत नाही. राहा मंग." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. विमावाले म्हणायचे.

त्यांच्या दाराला दोन कुलपं असायची, त्यातलं एक नुसतं अडकवलेलं. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर ते खडूने बारीक रेघ मारून ठेवत, कोणी झाकण उघडलं तर कळावं म्हणून. टाकीचं पाणी मी आणि तेच वापरायचो, तेव्हा ती रेघ कोणासाठी होती हे उघड होतं. जुन्या स्कूटरचा आरसा त्यांनी खिडकीच्या गजाला बांधला होता. बेल वाजली की आधी आरशात पाहायचे, फाटकाशी कोण आहे ते नीट न्याहाळायचे, मग उघडायचं की नाही ते ठरवायचे. पार्सलावरचं स्वतःचं नाव फाडून त्याचे तुकडे दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे. मी एकदा विचारलं, की तुमच्या नावात एवढं काय आहे. ते म्हणाले, "नाव घरातल्यांसाठी असते. रस्त्यावरच्याले काय करायचं?"

मे महिन्यातली एक रविवारची सकाळ. सहा वाजले असतील. अंगणात कोणीतरी खुळखुळा वाजवावा तसा आवाज येत होता. बाल्कनीतून वाकून पाहिलं, तर सर बाजेवर वर्तमानपत्रं पसरून बसले होते आणि हातात रंगाचा स्प्रे घेऊन तो हलवत होते. समोर त्यांच्या पांढऱ्या गाडीचे मागचे दोन्ही दिवे सोडवून ठेवलेले. साबणाने धुतलेले, बारीक पॉलिशपेपरने पाण्यात घासून मळकट गुलाबी झालेले. कडांना त्यांनी कागदी टेप लावली होती. मग वीतभर अंतरावरून स्प्रेचा एक हात मारला, थांबले, घड्याळ पाहिलं, दुसरा मारला. अमरावतीच्या मे महिन्यात दहानंतर असा रंग दिला तर तो हवेतच वाळतो आणि काचेवर भुकटी बसते, म्हणून एवढ्या सकाळी. चार हात झाले तेव्हा लाल दिवे पिकल्या जांभळासारखे दिसायला लागले होते.

मी खाली गेलो. कॉलेजातली पोरं असले उद्योग करतात, पण सरांनी? मी विचारलं तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "फॅशन हाये आजकाल."

मी त्यांना माझ्या कामाच्या भाषेत सांगितलं. हे नियमात बसत नाही. दिव्याचा उजेड निम्मा मरतो. तुम्ही ब्रेक लावलेला मागच्या माणसाला दिसायचा नाही.

सरांनी स्प्रे खाली ठेवला. "मागच्याले कावून दिसलं पायजे, मी कुठं थांबतो ते?"

या माणसाशी बोलून उपयोग नाही म्हणून मी वर गेलो. पण डोक्यातून विषय जाईना. दिवे आणि बंपर यांच्याशी घरच्या घरी कोणी खेळायला लागलं की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच पडतो: कोणाला धडक दिली? सर दुपारी झोपले तेव्हा मी गाडीभोवती एक चक्कर मारली. बंपर जुनाच, पत्र्यावर नवा रंग कुठे नाही, ठोका नाही. संशय घेण्यासारखं एकच होतं. सकाळी उजव्या दिव्यावर रंग बसण्याआधी मी बाल्कनीतून एक आडवी चीर पाहिली होती आणि त्या चिरेत नेलपॉलिशसारखं काहीतरी भरलेलं होतं. मी टायरजवळ वाकलेला असताना खिडकीतून आवाज आला, "विमावाले, काही सापडलं का?" आरशात त्यांना मी पूर्ण दिसत होतो.

खरी गोष्ट चार दिवसांनी कळली. किंवा निम्मी कळली. सरांचा मुलगा पहिल्यांदाच माझ्या खोलीवर आला, खुर्चीच्या कडेला बसला आणि खालचा आवाज घेत दाराकडे पाहत बोलायला लागला. वडील दर गुरुवारी गाडी काढून कुठेतरी जातात. विचारलं तर चिखलदरा सांगतात. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं, की तुमच्या बाबांची गाडी बडनेऱ्याच्या पुढे, म्हणजे चिखलदऱ्याच्या उलट दिशेला, दिसली. नंबर वाचता आला नाही, पण मागच्या दिव्यावर नेलपॉलिशचा पट्टा होता, त्यावरून ओळखली. ते पॉलिश मुलाच्या बायकोनेच एकदा चीर बुजवायला लावून दिलेलं. मुलाने वडिलांना ते बोलून दाखवलं आणि त्याच रविवारी दिवे काळे झाले.

"म्हणून आता तुमी जरा लक्ष ठेवा," तो म्हणाला. "तुमचं तं कामच हाये."

मला खरं तर तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्याने माझ्या कामाचं कौतुक केलं होतं, आणि खाली राहणारा माणूस दोन कुलपं लावून काय लपवतो, हे मलाही जाणून घ्यायचंच होतं.

लक्ष ठेवणं सोपं होतं. गुरुवारी सर निघताना मोबाइल घरातच ठेवायचे. तो खिडकीत वाजत राहायचा. बुधवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी मी गाडीच्या काचेतून किलोमीटरचा आकडा टिपला. फरक चिखलदऱ्याला जाऊन येण्यापेक्षा पंचवीसएक किलोमीटरने जास्त आला. पुढच्या गुरुवारीही तेवढाच. मी मुलाला सांगितलं, की हे अंतर अकोल्याचं आहे. तो म्हणाला, "अकोल्याले तं मोठे काका राहतात."

हे मोठे काका म्हणजे सरांचे सख्खे थोरले भाऊ. वडिलांचं शेत बाळापूरकडे होतं. वडील गेल्यावर वाटणी झाली आणि काही वर्षांनी, ती वाटणी चुकीची झाली म्हणून थोरल्यांनी धाकट्यावर दावा लावला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद. लग्नाला नाही, मौतीला नाही. सरांची बायको वारली तेव्हाही अकोल्याहून कोणी आलं नव्हतं. आणि आता सर दर आठवड्याला चोरून तिकडे जात असतील, तर मुलाला त्याचा एकच अर्थ दिसत होता: बाबा नमले, आपला वाटा देऊन टाकणार. तो स्वतः मागे गेला तर सर ओळखतील. मी मोटारसायकलवर, हेल्मेट घालून गेलो तर कळणार नाही.

अकोल्याला मला एका ट्रकची पाहणी करायचीच होती. ती मी गुरुवारवर ढकलली.

सकाळी सर निघाले. थोड्या वेळाने मी निघालो आणि बडनेऱ्याच्या पुढे त्यांना गाठलं. गाडी ते सावकाश, एकसारखी चालवत. मीही अंतर राखून होतो. मूर्तिजापूर मागे पडलं. ऊन पाठीमागून येत होतं, सरळ त्यांच्या गाडीच्या मागच्या बाजूवर पडत होतं आणि ते काळे दिवे नुसते चकाकत होते. बोरगावच्या अलीकडे मध्ये एक ट्रॅक्टर आला, तो गेल्यावर गाडी फार पुढे जाईल म्हणून मी वेग वाढवला. त्यांनी ब्रेक लावला ते मला दिसलंच नाही. गाडी जवळ येते आहे असं वाटलं, आणि वाटेपर्यंत ती अंगावर आली होती. मी हँडल वळवलं, पण पुढचं चाक उजव्या दिव्यात घुसलं आणि मी डिकीवर आपटून रस्त्याच्या कडेला पडलो.

शुद्ध गेली नव्हती. समोर प्लास्टिकचे तुकडे पडले होते, वरून काळे आणि तुटलेल्या कडेला लाल. डावा खांदा हलवता येत नव्हता. सर उतरून आले, माझ्याजवळ उकिडवे बसले, हेल्मेटचा पट्टा सोडवला आणि माझा चेहरा पाहिला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"मूर्तिजापूरपासून पाहून राहिलो, कोणीतरी मागं हाये," ते म्हणाले. "पुढं जाऊ द्यावं म्हणून ब्रेक मारला." मग हेल्मेट बाजूला ठेवत, "पोरानं धाडलं?"

मी खांदा धरून डोळे मिटून घेतले. दुखण्याचं निमित्त होतं, पण तेवढंच कारण नव्हतं.

त्यांनी जवळच्या ढाब्यावरच्या दोघांना बोलावून माझी मोटारसायकल आत लावून घेतली, मला गाडीत घातलं आणि अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. कॉलरबोन मोडलं होतं. हात गळ्यात बांधला, गोळ्या दिल्या. सगळं होईपर्यंत एक वाजला. सर सारखे घड्याळ पाहत होते. बाहेर आल्यावर ते गाडीचं दार धरून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता आलेच हा तं पुरं पाहून घ्या. अर्धवट पाहिलेलं जास्त वंगाळ."

भावाचं घर डाबकी रोडच्या बाजूला होतं. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. सरांनी त्यांना वहिनी म्हटलं आणि माझी ओळख "हे विमावाले" एवढीच करून दिली. वहिनींनी माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला आत गेल्यावर कळलं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. अगदी सरांचाच चेहरा, पण एका बाजूने ओघळलेला. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. वर्षभरापूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, समज सगळी शाबूत होती. त्यांचा मुलगा, म्हणजे सरांचा पुतण्या, दर गुरुवारी कामासाठी बाहेरगावी जायचा. त्या दिवशी सर यायचे.

दोघा भावांनी एकमेकांना काही विचारलं नाही. सरांनी पिशवीतून एक पाट काढला, तो खुर्चीच्या दोन हातांवर आडवा ठेवला, त्यावर कागद लावला आणि भावाच्या डाव्या हातात जाड पेन्सिल दिली. कागदावर चौकटी आखलेल्या होत्या. पुढचा तासभर मी जे पाहिलं तो चित्रकलेचा तास होता. सर भावाच्या हाताला एकदाही शिवले नाहीत. नुसते बाजूला उभे राहून बोलत होते. "दादा, बोटं ढिली सोड. पेन्सिल पळून नाही जात. हं, आता वर घे. थांब. आता खाली ये, घाई नोको करू." भावाच्या कपाळावर घाम येत होता. एक रेघ बरी आली, की ते मान वळवून सरांकडे पाहायचे आणि सर म्हणायचे, "पाहू नोको माह्याकडं, कागदावर पाह्य."

मग सर वहिनींशी बोलायला स्वयंपाकघरात गेले. माझ्याजवळच्या स्टुलावर मागच्या गुरुवारांचे कागद रचलेले होते. मी उजव्या हाताने वरचे चार-पाच उलटले. सुरुवातीला नुसत्या आडव्या-उभ्या रेघा होत्या, मग गोल, मग अक्षरं. आणि मग प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. सही. भावाची सही.

मी कागद होते तसे परत रचून ठेवले. मेलेल्या माणसांच्या सह्या असलेले क्लेमचे अर्ज मी पाहिले होते. इथे तर जिवंत माणसाकडून सही घोटवून घेतली जात होती, मुलगा घरात नसताना, फोन घरी ठेवून, गाडीचे दिवे काळे करून. आणि घोटवून घेणारा कोण, तर ज्याच्यावर दावा आहे तोच.

परतताना बोरगाव येईपर्यंत मी धीर धरला. सरच म्हणाले, "इचारा ना. कागद पाह्यले तुमी, पाहिलं म्या."

मी विचारलं. त्यांनी गाडी चालवता चालवता, जसं काही शेजाऱ्याचं सांगताहेत अशा आवाजात सांगितलं. भाऊ आजारी पडल्यावर वहिनीने त्यांना निरोप पाठवला, की या माणसाला दावा नको आहे. खाणाखुणांनी सांगतो, रडतो. पण त्याच्या मुलाला दावा हवा आहे आणि वकिलाच्या कागदावर तो बापाचा अंगठा उमटवतो. भावाला दावा मागे घ्यायचा आहे आणि त्या कागदावर स्वतःच्या हाताने सही करायची आहे.

"अंगठा काय, कोणीबी धरून टेकवते," सर म्हणाले. "सही कोणाले धरून करता येत नाही."

मी म्हटलं, "पण दावा मागे गेला तर फायदा तुमचाच आहे."

"हाये ना." त्यांनी मान हलवली. "म्हणून तं कोणाचाच इश्वास बसणार नाही. तुमचाबी नाही बसला."

तो बसला नव्हता, हे खरं आहे. सर मला खरं सांगत होते की सजवून सांगत होते, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातातल्या रेघा दुरुस्त केलेला माणूस. त्याला एक सही बसवणं काय अवघड?

संध्याकाळी सरांचा मुलगा आला. माझा हात पाहून घाबरला, मग लगेच विचारलं, काय दिसलं? मी सगळं सांगितलं. गोळ्यांची गुंगी होती, अपराधी वाटत होतं, त्याच्यासाठी गेलो आणि हाड मोडून आलो म्हणून काहीतरी देणं लागतो असंही वाटत होतं. पण खरं कारण वेगळं होतं. हा संशय माझ्या एकट्याजवळ राहिला तर मलाच काहीतरी करावं लागेल, त्यापेक्षा तो दुसऱ्याच्या हातात दिलेला बरा. मी सह्यांचे कागदसुद्धा सांगितले. मला वाटलं तो हादरेल. त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे बाबा नमले नाहीत," तो म्हणाला. "बाबा सही घेऊन राहिले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर अंगणात बसून शाबूत राहिलेला डावा दिवा पॉलिशपेपरने घासून रंग उतरवत होते. उजव्यासाठी नवीन आणून ठेवला होता. मी जिन्यावर उभा राहिलो. ते म्हणाले, "तुमच्या हाडापाशी माही फॅशन संपली." राग नव्हता. मुलाशी मी काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मुलगा मात्र गप्प बसला नाही. दुकानात चार लोकांत त्याने ते सांगितलं, बापाची हुशारी म्हणून सांगितलं. अमरावती आणि अकोला काही लांब नाहीत. दोन आठवड्यांत ते पुतण्याच्या कानावर गेलं. पुढच्या गुरुवारी सर नेहमीच्या वेळी निघाले आणि दुपारी दोनलाच परत आले. एवढ्या लवकर मी त्यांना कधी परतलेलं पाहिलं नव्हतं. गाडी लावली आणि बराच वेळ आतच बसून राहिले. मी खाली गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, की पुतण्या त्या दिवशी बाहेरगावी गेला नव्हता. त्याने दार उघडून सांगितलं होतं, की पुन्हा पाऊल ठेवलं तर पोलिसात देईन. माझ्या बापाची खोटी सही बनवायला तुम्ही येता, मला सगळं कळलंय.

मी सरांना सांगितलं, की ते माझ्यामुळे झालं. सगळं सांगितलं, मुलाने लक्ष ठेवायला सांगितलं तिथपासून. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता घर सोडायला सांगतील. ते म्हणाले, "म्या दिवे काळे नसते केले तं तुमाले कायचा संशय आला असता? लपवलं की माणूस हुंगत येतेच." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

नंतरचे गुरुवार त्यांनी घरात काढले. कोणी विचारलं तर चिखलदरा सांगायचं त्यांनी सोडलं, कारण ते कुठे जातच नव्हते. चौकटी आखलेले कागद मात्र ते दर आठवड्याला पोस्टाने वहिनींच्या नावाने पाठवायचे. ते पोचतात का, पुतण्या ते फाडतो का, भाऊ एकटा बसून काही करतो का, काहीच कळायला मार्ग नव्हता. उलट टपाली काही यायचं नाही.

पावसाळा संपता संपता वहिनींचा फोन आला. बाळापूरच्या कोर्टात तारीख होती. दावा मागे घेण्याचा कागद वहिनींनी दुसऱ्या वकिलाकडून करून घेतला होता आणि थोरले स्वतः कोर्टात येणार होते. पुतण्याने अडवलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं.

सरांनी मला बरोबर चलता का म्हणून विचारलं. माझं हाड तोवर जुळलं होतं. गाडी मी चालवली. सर शेजारी बसले होते, पूर्ण वाटेत आरशात मागे पाहत.

कोर्टाच्या आवारात पोचल्यावर मी म्हटलं, चला आत. ते जागचे हलले नाहीत. "मी आत असलो तं म्हणतील, यानं डोळ्यानं खुणावलं. तुमी जा. नीट पाहा. तुमाले पाहता येते."

मी आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. पुतण्याने आणि त्याच्या वकिलाने चाकाची खुर्ची पुढे आणली. पुतण्याकडे मी पहिल्यांदाच पाहिलं. तो दुष्ट वाटला नाही; बापाची शाल सारखी करत होता. त्याच्या वकिलाने सांगितलं, की या गृहस्थांना कागदावर काय आहे ते समजत नाही, त्यांची उजवी बाजू निकामी आहे आणि प्रतिवादी हा चित्रकलेचा शिक्षक असून त्याने सही बनवण्याचा प्रयत्न केल्याची माहिती आहे. ती माहिती माझी होती. मी खाली पाहत बसलो.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी थोरल्यांना हळूहळू, एकेक करून प्रश्न विचारले. हा दावा तुम्ही लावला होता का? मान हलली. तो चालू ठेवायचा आहे का? मान आडवी हलली. कोणी धाक घातला आहे का? पुन्हा आडवी. मग त्यांनी कोरा कागद मागवला, त्यावर पेनाने एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, की यात सही करा, कोणीही त्यांच्याजवळ उभं राहू नका. वहिनीसुद्धा मागे सरल्या.

थोरल्यांनी डाव्या हातात पेन घेतलं. ते पडलं. शिपायाने उचलून दिलं. पहिलं अक्षर लिहायला एवढा वेळ लागला, की मागे कोणीतरी खोकलं आणि मला त्याचा राग आला. त्यांनी मध्येच थांबून श्वास घेतला, बोटं ढिली केली, पुन्हा लिहायला लागले. पुतण्या आधी खिडकीबाहेर पाहत होता. मग तो बापाच्या हाताकडे पाहायला लागला आणि शेवटपर्यंत पाहत राहिला. सही पुरी झाल्यावर थोरल्यांनी पेन स्वतः खाली ठेवलं.

न्यायाधीशांनी कागद पाहिला, दावा मागे घेण्याच्या कागदावर आपल्यासमोरच तशीच दुसरी सही घेतली आणि दावा निकाली काढला.

सर बाहेर एका निंबाखाली उभे होते. मी जवळ गेलो. मला वाटलं ते दाव्याचं विचारतील.

"चौकटीत बसली?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटचा फराटा चौकटीबाहेर गेला. बराच गेला."

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "बाहेर गेला ना?" ते म्हणाले. "मंग त्याचीच हाये. माह्यासमोर कदी बाहेर नव्हता जाऊ देत."

तेवढ्यात खुर्ची बाहेर आली. पुतण्याने बापाला उचलून गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि मान वर केली तेव्हा त्याला सर दिसले. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. गाडीतून थोरल्यांचा डावा हात बाहेर आला आणि नुसताच हवेत थांबला. पुतण्याने तो पाहिला. मग तो पाण्याची बाटली घेऊन नळाकडे गेला. गाडीचं दार त्याने लावलं नव्हतं.

सर त्या दाराकडे चालत गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही.